फोर एट: तीनदा सुजलेल्या एका अक्कलदाढेचं प्रकरण

तो पहिल्यांदा आला तो जूनमध्ये, भर पावसात, भिजलेली सॅक पोटाशी धरून. वय २३. गाव मराठवाड्यातलं, राहणं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, दिवसभर अभ्यासिकेत, जेवण मेसला. "मॅडम, घास गिळंना. तोंडच उघडंना," एवढंच बोलला आणि उजवा गाल तळहातानं झाकून खुर्चीत बसला. (प्रकरण लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आ कर म्हटलं तर त्याची स्वतःची दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच तोंड उघडत होतं. पट्टी लावली तर वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये २२ मिलिमीटर. निरोगी माणसाला आपली तीन बोटं उभी घालता येतात, म्हणजे ३५ ते ४५ मिलिमीटर, कुणाकुणाचं त्याहूनही जास्त.

आपल्याकडे तरुण मुलाचं तोंड उघडेनासं झालं की डोक्यात आधी अक्कलदाढ येत नाही, सुपारी येते. मावा, गुटखा, नुसती सुपारी, काहीही. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होत जाते, बोट फिरवलं की दोरीसारखे पट्टे लागतात. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे गाल मला दर महिन्याला दिसतात. म्हणून आधी ग्लोव्हजचं बोट दोन्ही गालांतून फिरवलं. कातडी गुलाबी आणि मऊ होती. "व्यसन?" "चहा," तो म्हणाला. शिवाय सुपारीनं तोंड महिनोन्महिने हळूहळू बंद होत जातं, याचं तीन दिवसांत बंद झालं होतं. चघळायचे स्नायू सूज आल्यामुळे आखडले होते.

आरसा कसाबसा मागे नेला तेव्हा कारण दिसलं. खाली उजवीकडे, सगळ्यात मागे, अक्कलदाढेचा पुढचा एक कोपरा हिरडीतून वर आलेला, बाकीच्या दाढेवर लालभडक सुजलेला हिरडीचा पदर. पदरावर हलकं दाबलं तर कडेनं पू आला. आणि त्याच पदरावर दोन खड्डे उमटलेले, समोरच्या वरच्या दाढेच्या टोकांचे. म्हणजे दर घासाला वरची दाढ त्या सुजेवर चावत होती.

आम्ही या दाढेला 'फोर एट' म्हणतो. तोंडाचे चार भाग, खालचा उजवा हा चौथा, आणि त्यातला मधोमधपासून मोजत गेलं तर आठवा दात. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षी, आणि ही तिसरी १७ ते २५ च्या दरम्यान कधीतरी, जागा मिळाली तर. अक्कल यायचं वय तेच मानलं गेलं म्हणून नावात अक्कल. साधारण पाच माणसांतल्या एकाच्या तोंडात चारपैकी निदान एक तरी अक्कलदाढ तयारच होत नाही. ज्यांना होते त्यांच्यातही जबडा पुरत नसेल तर ती वाकडी होते, अर्धवट वर येते किंवा हाडातच राहते. त्यातही पूर्ण वर आलेली किंवा हाडात पूर्ण बुडालेली दाढ एकवेळ शांत राहते. खरा त्रास अर्धवट आलेलीचा. पदराखाली एक खिसा तयार होतो, भाताचं शीत, पोळीचा तुकडा आत जातो, ब्रश पोचत नाही, आणि जंतूंना उबदार बंद खोली मिळते. झोप कमी, जेवण वेळी-अवेळी, अंगात बारीक ताप असला की सूज उसळते. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांमध्ये हे मी इतकं पाहते की परीक्षेच्या तारखा मला पेपर न वाचताही कळतात.

त्या दिवशी केलं ते एवढंच. बोथट सुईच्या सिरिंजनं कोमट सलाइनचा फवारा पदराखाली मारला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ताप होता आणि जबड्याखालची गाठ दुखत होती म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक्स दिली. नुसती हिरडी सुजलेली असती तर धुण्यावर आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर भागलं असतं. गिळताना दुखत होतं, पण जिभेखालचा भाग मऊ होता, आवाज बदललेला नव्हता, हनुवटीखाली दगडासारखी सूज नव्हती. हे तिन्ही मी मुद्दाम पाहिलं. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांची टोकं बहुतेक वेळा जिभेखालच्या स्नायूच्या पातळीच्याही खाली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता गळ्याकडे उतरू शकतो. जर्मनीतल्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १८३६ मध्ये या गळ्यातल्या सुजेचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव तिला लागलं. श्वास अडकून माणूस दगावू शकतो, आजही. असं काही दिसलं असतं तर त्याला खुर्चीत बसवून न ठेवता थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं.

चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'मॅडम एकदम ओके'. मी लिहिलं, सूज उतरली की एक्स-रे काढायला ये. तोंड उघडत नसताना आत फिल्म ठेवता येत नाही, म्हणून तो राहिला होता. तो आला नाही. मी फोन केला नाही. या प्रकरणात माझ्या हातून झालेली चूक ही, आणि तिची किंमत पुढे शेजारच्या दाढेनं मोजली.

ऑक्टोबरमध्ये गावी असताना पुन्हा सूज आली. त्यानं मेडिकलवरून माझ्याच जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, बरं वाटल्यावर बंद केल्या. जानेवारीत तिसऱ्यांदा. या वेळी तो आधी दुसरीकडे जाऊन आला होता आणि हातात ओपीजी होती, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. "त्यांनी सांगितलं चारही काढा, पूर्ण भूल देऊन, एकाच दिवशी. पुढचे दात त्यांच्यामुळंच वाकडे झालेत म्हणे. मॅडम, परीक्षा पाच आठवड्यांवर आलीय. काय करू?"

फिल्म लाइटबॉक्सवर लावली आणि त्याला उठवून शेजारी उभं केलं. रुग्णाला स्वतःचा जबडा पाहू दिला की निम्मं समजावणं वाचतं.

डावीकडची खालची दाढ, थ्री एट, सरळ उभी, पूर्ण वर आलेली, वरच्या डाव्या दाढेशी नीट जुळणारी. कीड नाही, खिसा नाही, ब्रश पोचतो. या दोघींनी काय गुन्हा केला? अक्कलदाढ हे नाव म्हणजे आजार नव्हे.

खालची उजवी मात्र पुढच्या बाजूला कललेली, शेजारच्या दाढेच्या पाठीवर डोकं टेकून बसलेली. अडकलेल्या अक्कलदाढांमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. वरची उजवी समोर जोडीदार नाही म्हणून खाली उतरलेली, तीच पदरावर चावत होती. आणि जिथे कललेल्या दाढेचं डोकं टेकलं होतं, तिथे शेजारणीच्या, फोर सेव्हनच्या, मानेवर एक काळसर खड्डा. कीड. बाहेरून आरशात न दिसणारी, कारण वरून अक्कलदाढच झाकण होऊन बसलेली. जूनमध्ये ती होती की नव्हती, आता सांगता येणार नाही. जूनमध्ये एक्स-रे झाला असता तर सांगता आलं असतं.

पुढच्या दातांच्या वाकडेपणाचं सांगायचं तर खालचे पुढचे दात वयाबरोबर थोडे दाटीनं बसतातच. ज्यांना अक्कलदाढा जन्मजात नाहीत त्यांचेही बसतात. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढे गर्दी होते, हा समज अभ्यासात टिकलेला नाही, आणि केवळ त्यासाठी दाढ काढणं मला पटत नाही.

चारही काढा म्हणणारे डॉक्टर लबाड होते असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत विशी ओलांडायच्या आत चारही काढून टाकायची पद्धत कित्येक वर्षं रुजलेली आहे. २००७ मध्ये तिथल्याच एका सार्वजनिक आरोग्यविषयक मासिकात त्यावर कडक टीका छापून आली. त्या लेखातला अंदाज असा की दर वर्षी सुमारे ५० लाख लोकांच्या १ कोटी अक्कलदाढा काढल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याच निरोगी असतात. ब्रिटनचा रस्ता उलटा. तिथल्या नाइस या संस्थेनं २००० साली सरकारी आरोग्यसेवेला सांगितलं की आजार नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नका. सूज पहिल्यांदा आली आणि फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून काढू नका. दुसऱ्यांदा आली तर काढण्याचा विचार करा. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्षही असा की त्रास नसलेली, आजार नसलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही.

मी स्वतः नाइसच्या बाजूची. पण जून ते जानेवारीनं मला एक गोष्ट दाखवली. तो नियम लागू झाल्यावर ब्रिटनमध्येही शेजारच्या दाढेच्या पाठीमागची कीड वाढल्याचं तिथल्या सर्जन मंडळींनी नोंदवलं, आणि ती तर नेमानं तपासणीला यायची सवय असलेल्या लोकांची व्यवस्था. आपल्याकडे दुखायचं थांबलं की माणूस येत नाही. 'तूर्त ठेवू, लक्ष ठेवू' असं मी म्हणते तेव्हा लक्ष ठेवणार कोण, हे वहीत लिहिलेलं नसतं. पुढे कललेली, अर्धवट आलेली, शेजारणीला टेकलेली दाढ आणि परत न येणारा रुग्ण अशी जोडी असेल तर ब्रिटनचा नियम जसाच्या तसा उचलून चालत नाही.

तेव्हा ठरलं ते असं: उजवीकडच्या दोन काढायच्या, डावीकडच्या दोन ठेवायच्या. परीक्षेनंतर काढू का, असं त्यानं विचारलं. मी दोन्ही हिशोब मांडले. आत्ता काढली तर आठवडा वाया जाईल. नाही काढली तर चौथी सूज कधी येईल ते माहीत नाही, पण झोप सगळ्यात कमी असेल तेव्हा येण्याची शक्यता जास्त. त्यानं वेळापत्रक काढलं, सीसॅट या पेपरच्या अभ्यासाचा एक आठवडा पुढे सरकवला आणि म्हणाला, "काढा."

आधी सूज उतरवली. तीन दिवसांनी तोंड थोडं उघडायला लागल्यावर वरची उजवी दाढ काढायची ठरली, म्हणजे खालच्या पदरावरचं चावणं तरी थांबेल. सुई भरत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई. स्पीकरवर ठेवायला सांगितलं.

"मॅडम, खालची काढा, वरची नका काढू. नजर जाती म्हणतेत. त्याला दिवसभर पुस्तकात डोळं घालायचंय."

हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल, तरी परीक्षेच्या पोराच्या आईकडून ऐकताना त्यातली भीती निराळी वाटली. म्हटलं, "ताई, दाताला जाणारी नस वेगळी, डोळ्याला बघायची नस वेगळी, दोघींचा रस्ता वेगळा. दाढ काढल्यानं नजर जात नाही." पूर्वी दाढा काढायची पाळी चाळिशीच्या आसपास यायची आणि चष्माही त्याच वयात लागायचा, एवढाच काय तो संबंध असावा. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमी म्हणताय तर काढा. पर मला संध्याकाळी त्याच्याशी बोलू द्या." वरची दाढ पाच मिनिटांत निघाली.

खालचीला घाई चालत नाही. ओपीजीत तिच्या मुळांवरून एक काळा पट्टा आडवा जात होता, आणि तिथेच नसेच्या नळीची पांढरी रेघ तुटलेली दिसत होती. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, तीच पुढे ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. असा पट्टा दिसला की नस मुळाला चिकटून असण्याची शंका घ्यायची. ती दुखावली तर ओठ बधिर होतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, क्वचित कुणाचा कायमचा राहतो. म्हणून सीबीसीटी करून घेतला, हाडाचं त्रिमितीय चित्र. नस मुळांच्या गालाकडच्या बाजूनं जात होती आणि मधे हाडाचा पातळ पापुद्रा शाबूत होता. तो नसता तर दाढेचं फक्त डोकं कापून मुळं जागीच ठेवायची, असाही एक मार्ग असतो. इथे पूर्ण दाढ काढता येणार होती. तरीही ओठाचं त्याला स्पष्ट सांगितलं आणि संमतीच्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी, सकाळी, नाश्ता करून यायला सांगितलं. उपाशीपोटी आलेला रुग्ण सुई पाहून खुर्चीत चक्कर येऊन पडतो. पूर्ण भुलेची गरज नव्हती. लिग्नोकेन हे तेवढाच भाग बधिर करणारं औषध, २ टक्के, अॅड्रिनॅलिनसह, जबड्याच्या मागच्या नसेजवळ. पाच मिनिटांनी विचारलं, "ओठ कसा वाटतोय?"

"गेला मॅडम. अर्धा ओठ दुसऱ्याचाय."

हिरडीला चीर देऊन पदर बाजूला केला. दाढेभोवतीचं थोडं हाड कोरलं, वरून सलाइनची धार सतत चालू, नाहीतर हाड तापून मरतं. कललेली दाढ सबंध ओढायला गेलं तर ती शेजारणीत अडकते आणि ओढणाऱ्याचं बळ जबड्यावर येतं. म्हणून ती मधून कापायची. बरनं, म्हणजे मशीनच्या फिरत्या टोकानं, खोबण पाडली, तीत सरळ एलिव्हेटर, म्हणजे दाढ उचकटायचं हत्यार, घातला आणि हात थांबवून त्याला म्हटलं, "आता कट् असा आवाज येईल. दाढेचा आहे, जबड्याचा नाही." मनगट फिरवलं. कट्. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मग सोडला. आधी सांगितलेलं नसेल तर त्या आवाजाला माणूस हमखास उडतो, आणि माझ्या हातात तेव्हा धारदार हत्यार असतं. पुढचा तुकडा निघाला, मग मागचा, मग एक मूळ वेगळं. तीन टाके. खुर्चीत बसल्यापासून ४० मिनिटं.

संध्याकाळी फोन केला. "ओठ आला का?" "आला. आईनं पण डोळ्याचं विचारलं." सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते हे सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी टरबुजासारख्या गालाचा फोटो आला तेव्हा तो घाबरलेला नव्हता, उलट खाली हसरा चेहरा टाकला होता.

चौथ्या दिवशी पहाटे मात्र फोन आला. ठणका. कानापर्यंत. गोळीनं थांबेना. सूज उतरत असताना दुखणं वाढत असेल तर ऐकताक्षणीच कळतं: ड्राय सॉकेट. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच नैसर्गिक मलमपट्टी. ती निघून गेली की हाड उघडं पडतं. खड्डा पाहिला तर रिकामा, करडा, वासही आला. काय केलंस, म्हणून विचारलं. पहिल्या संध्याकाळीच त्यानं गरम मिठाच्या पाण्याच्या जोरजोरात गुळण्या केल्या होत्या. माझ्या कागदावर 'गुळण्या २४ तासांनंतर, हळू' असं लिहिलेलं होतं, पण जूनमध्ये मीच त्याला गुळण्या कर म्हणून सांगितलं होतं आणि घरूनही तोच सल्ला होता. गुळण्यांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. खालची, हाड कोरून काढलेली दाढ असली की हा धोका तसाही जास्त असतो. तंबाखूवाल्यांमध्ये तर फारच.

खड्डा सलाइननं धुतला आणि लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी आत ठेवली. दहा मिनिटांत त्याचे खांदे खाली आले. त्यानं वास ओळखला. "हे तर आई सांगत होती. लवंग धर म्हणून." म्हटलं, दुखणं मारायला लवंग खरीच, पण नुसती धरली तर पू बाहेर काढत नाही. पट्टी तीनदा बदलली. टाके सातव्या दिवशी काढले. त्याच्या वेळापत्रकातला आठवडा दहा दिवसांचा झाला, त्याबद्दल त्यानं एकदाही कुरकुर केली नाही, मलाच वाटत राहिलं.

अक्कलदाढ गेल्यामुळे फोर सेव्हनची पाठ आता हाताला लागत होती. परीक्षा झाल्यावर तो भरायला आला. कीड खोल होती, पण नसेपर्यंत पोचली नव्हती. रूट कॅनॉल थोडक्यात टळलं. ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंट भरलं, आणि सहा महिन्यांनी थंड पाणी लावून पाहिलं तेव्हा दाढ जिवंत होती.

डावीकडच्या दोघींसाठी या वेळी तारीख वहीत लिहिली आणि फोन मी केला.

"दुखत नाहीये मॅडम, मग कशाला?"

"म्हणूनच ये."

शनिवारी आला. थ्री एट स्वच्छ होती, हिरडीचा खिसा तीन मिलिमीटरच्या आत, फिल्मवर काही नाही. पुढची तारीख दिली. सोबत त्याच्या खोलीतला मित्र होता, उजवा गाल धरून बसलेला.

"पहिल्यांदाच सुजलं का रे?" मी विचारलं.

"नाही मॅडम, तिसऱ्यांदा. पण याच्याकडच्या गोळ्यांनी दोनदा बरं झालं."